इंदूरमध्ये रात्री भाऊ "जगायचंच नाही" म्हणतोय, कुठे न्यायचं?

सगळ्यात आधी त्याला एकटं सोडू नका, कोणीतरी शेजारी बसा आणि घरातली औषधं, धोक्याच्या वस्तू लांब ठेवा. स्वतःला काही केलं असेल किंवा अगदीच आवरत नसेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच 108 ला अँब्युलन्ससाठी नाहीतर 112 ला फोन करा, किंवा सरळ एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलच्या, इमर्जन्सीत घेऊन जा. बोलायला तयार असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट, चोवीस तास, भाषा निवडताना मराठी घ्या. आणि पोलीस केस होईल म्हणून आईबाबा लपवत असतील तर त्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणात होता असंच धरतात, शिक्षा नाही, उपचार देतात. त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही.