त्वचेच्या सर्वात वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या असतात, मग त्या एकदम गळून का पडत नाहीत?

कारण पेशी मेली तरी तिला शेजारणीशी जोडणारे सांधे लगेच तुटत नाहीत. या सांध्यांना डेस्मोसोम म्हणतात. डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन ही प्रथिने दोन पेशींच्या मधल्या फटीत एकमेकांना बटणासारखी अडकतात, आणि पेशीच्या आतल्या बाजूला याच सांध्यांना केराटिन या चिवट प्रथिनाचे तंतू बांधलेले असतात. त्यामुळे कातडी ओढली की ताण एका पेशीवर न येता सगळ्या जाळ्यात वाटला जातो. त्वचेच्या खालच्या थरातून वर सरकताना पेशी आपले केंद्रक गमावते, केराटिनने गच्च भरते आणि चपटी होते. मधल्या फटीत स्निग्ध पदार्थांचे थर बसतात. पाणी अडवण्याचे मुख्य काम त्यांचे. शेवटी विकरे (एन्झाइम) हे सांधे हळूहळू कापतात आणि सुटी झालेली पेशी नकळत झडते. या विकरांना पाणी लागते, म्हणून कोरड्या त्वचेत सांधे अर्धवट तुटतात आणि पेशी एकेक न सुटता पांढऱ्या पापुद्र्यांनी निघतात.

मी ऊतीशास्त्र शिकवते. या सांध्यांचे महत्त्व सर्वात स्पष्ट दिसते ते पेम्फिगस फोलिएशस या आजारात: शरीराची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) डेस्मोग्लीन १ या डेस्मोग्लीनच्या एका प्रकारावर हल्ला करतात आणि त्वचेचा वरचा पापुद्रा नुसत्या घासण्यानेही सुटतो.

मात्र मेलेल्या पेशींचा हा थर सगळीकडे सारखा नसतो. तळवे आणि तळहातांवर तो कितीतरी जाड असतो, पापण्यांवर अगदी पातळ.