मारहाणीनंतरची प्रार्थनासभा

प्रश्न : आमच्या सोसायटीत भाड्यानं राहणाऱ्या दोन आफ्रिकी विद्यार्थ्यांना रंगावरून शिव्या देत सहा-सात जणांनी मारलं. आमचं भजनी मंडळ शनिवारी प्रार्थनासभा घेणार आहे. मुलांनी सभेत ‘आम्ही माफ केलं’ असं म्हणावं, अशी काहींची इच्छा आहे. हे बरं दिसेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : सभा घ्या, माफीचं मात्र तेवढं काढून टाका. अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी एका वंशद्वेष्ट्या गोऱ्या तरुणानं बायबल-अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी काही नातलगांनी कोर्टात त्याला माफ केलं आणि जगभर तेवढंच गाजलं. पण ती माफी ज्यांचं माणूस गेलं त्यांनी आपणहून दिलेली होती, कुणी मागितलेली नव्हती. पुढच्या बुधवारी त्याच चर्चमध्ये अभ्यासवर्ग पुन्हा बसला, ही गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते.

शनिवारच्या आधी पोलीस ठाणं गाठा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. ऑनलाइन तक्रार केली असेल तर तीन दिवसांत सही करावी लागते. नेमकी चूक होते ती मजकुरात. ‘शिवीगाळ व मारहाण केली’ एवढंच लिहिलं की प्रकरण साधी हाणामारी ठरतं. शिव्या जशाच्या तशा, शब्दन् शब्द लिहायला लावा, कितीही ओशाळं वाटलं तरी. मारणारे किती होते तेही लिहा : पाच किंवा जास्त जणांनी वंशावरून गंभीर दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(४) लागू शकतं, सात वर्षांपर्यंत कैद. जबाब गुजरातीत असेल. मुलांना वाचता येत नाही, तुम्हाला येतं. शेजारी बसा, सहीआधी इंग्रजीत समजावून सांगा. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. जखमांची नोंद दवाखान्याच्या कागदावर त्याच दिवशी झालेली बरी.

सभा पाऊण तासाची पुरे. मुलांचा धर्म आधी विचारा. ख्रिस्ती असतील तर त्यांच्या पाद्रींना, मुसलमान असतील तर मौलवींना दहा मिनिटं द्या. आरतीचं तबक त्यांच्यापुढे धरू नका. हार नको, व्यासपीठावर बसवणं नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा फोटो तर नकोच. चेहरा ओळखू आला की घरमालक खोली रिकामी करायला सांगतो.

खरी अडचण तीच. १९१७ साली परदेशात शिकून याच शहरात नोकरीला आलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं आणि कमाटी बागेत झाडाखाली बसायची वेळ आली. तेव्हा शनिवारी शेवटच्या अभंगानंतर एक वही फिरवा. दोन रकाने पुरेत : रिकामी खोली कुणाकडे आहे, आणि पुढचे पंधरा दिवस रात्री कॉलेजातून येताना मुलांबरोबर कोण चालेल.