उणे उडीद कुठल्या दुकानात मिळतो?

प्रश्न: सर, आम्ही यावल तालुक्यातले, मुलगी यंदा दहावीला आहे. नुसती समीकरणं दिली की पटापट सोडवते, क्रेमरची निश्चयकाची रीत पण येते, पण मिश्रणाचं शाब्दिक उदाहरण आलं की अडते. परवा मी घरचंच उदाहरण घातलं, ज्वारी 40 रुपये किलो, उडीद 100 रुपये किलो, दोन्ही मिळून 10 किलो कळणं दळायचंय आणि ते 52 रुपये किलोने पडलं पाहिजे, तर काय किती घ्यायचं? तिचं उत्तर आलं उडीद उणे 5.8 किलो. चूक काही सापडेना. (एक आई)

उत्तर: ताई, उदाहरण एकदम झकास घातलंत, कळण्याची भाकरी रोज खाणाऱ्या पोरीला निदान काय मिसळतोय ते तरी दिसतं.

चूक उत्तरावरूनच कळतेय. ज्वारी क्ष किलो, उडीद य किलो धरलं, पहिलं समीकरण क्ष + य = 10, ते बरोबर. दुसरं तिने 40क्ष + 100य = 52 असं लिहिलं असणार, मी करून बघितलं, बरोब्बर उणे 5.8 येतं. आता बघा, डावीकडे आख्ख्या दळणाचे पैसे आणि उजवीकडे एकाच किलोचे, मग जुळणार कसं? उजवीकडे 52 गुणिले 10, म्हणजे 520 पाहिजे. माझ्या वर्गात निम्मी पोरं इथेच घसरायची, म्हणून मी प्रत्येक ओळीपुढे लिहायलाच लावायचो की ही ओळ कशाची आहे, पहिली किलोची, दुसरी रुपयांची, आणि एका ओळीत दोन्हीकडे एकच माल पाहिजे.

पुढचं तिला येतंच. पहिल्या ओळीला 40 ने गुणा, 40क्ष + 40य = 400, दुसरीतून वजा करा, 60य = 120, म्हणजे उडीद 2 किलो, ज्वारी 8. ताळा करा, 320 आणि 200, झाले 520.

आणि लिहायच्या आधी एक नजर टाकायची, मिश्रणाचा भाव 40 आणि 100 च्या मधेच पडणार. मधला भाव मागितलाय आणि तरी उणे आलं की समजायचं समीकरण मांडतानाच गडबड झालीय, आकडेमोड परत परत तपासण्यात अर्थ नाही. तोंडी पण निघतं, 52 हा 40 पासून 12 लांब आणि 100 पासून 48 लांब, 12 ला 48 म्हणजे उडीद एक वाटा, ज्वारी चार. पण पेपरात समीकरणं मांडायला सांगितली असतील तर नुसतं हे लिहून चालणार नाही, हे तिला बजावून ठेवा.

हा विषय आपल्या भागाला नवा नाही बरं का. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, शिलालेखातच तसं कोरलंय. आणि भास्कराचार्यांच्याच 1150 च्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात सोनं मिसळायचा हिशोब आहे, प्रत्येकाचं वजन गुणिले कस, त्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. तुमच्या दळणात कसाच्या जागी भाव आहे, बाकी सगळं तेच.

तर आता तिला सोन्याचंच द्या. 24 कॅरेट आणि 18 कॅरेट मिसळून 22 कॅरेटचं 12 ग्रॅम करायचंय. 8 आणि 4 ग्रॅम यायला पाहिजे, दुसरंच काही आलं तर आधी बघा, उजवीकडे 264 च्या जागी नुसतं 22 तर लिहिलं नाही ना.