आडरस्त्यावरची खानावळ

प्रश्न : लांबच्या प्रवासात आम्ही एका खेड्याबाहेर, रस्त्याकडेच्या खानावळीत थांबलो. भिंतींवर सायकलींची चाके आणि बंद पडलेली घड्याळे टांगलेली होती, मेनूकार्ड नव्हते, आणि शिजले आहेत ते दोन पदार्थच मिळतील, असे मालकाने बसण्याआधीच बजावले. जेवण रुचकर होते, तरी सोबतच्या निम्म्या मंडळींनी धास्तीने ताटाला हात लावला नाही. अशा ठिकाणी जेवावे का, आणि ते कशावरून ठरवावे?

उत्तर : जरूर जेवावे, मात्र निर्णय भिंतींकडे नव्हे, चुलीकडे पाहून घ्यावा. तुमच्या मंडळींना खटकलेली दोन पदार्थांची मर्यादा ही माझ्या मते त्या खानावळीची सर्वांत आश्वासक बाब होती. आडरस्त्यावर गिऱ्हाईक किती येईल याचा नेम नसतो. तिथे लांबलचक यादी लावणाऱ्याला बरेचसे अन्न आधीच शिजवून ठेवावे लागते, तर दोनच पदार्थ करणाऱ्याचे पातेले वेळेत रिकामे होण्याची शक्यता अधिक असते. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात रेंगाळले की जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि पुन्हा गरम केल्याने प्रत्येक धोका टळतोच असे नाही : बराच वेळ बाहेर राहिलेल्या भातात तयार होणारे एक विष उकळीलाही दाद देत नाही. म्हणून वाढपी झाकण काढतो तेव्हा वाफ उसळते की पदार्थावर सायीसारखा थर धरलेला दिसतो, हे पाहावे. हात धुण्याच्या जागी साबण आहे का आणि पैसे घेणारा हातच अन्नाला लागतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. शक्यतो ऐन जेवणाच्या वेळीच जावे.

जागा साधी किंवा विचित्र आहे म्हणून तिला कमी लेखू नये. फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या डोंगरावर, सुरुवातीला वीज किंवा गॅसही नसलेल्या लाकडी घरात, युजेनी ब्राझिए यांनी उपाहारगृह चालवले. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीच्या प्रवासी मार्गदर्शिकेने १९३३ मध्ये त्या जागेला आणि त्यांच्या शहरातील उपाहारगृहाला प्रत्येकी तीन तारे, म्हणजे तिचा सर्वोच्च दर्जा, दिला. अशा ठिकाणी मालकाचे नियम तऱ्हेवाईक वाटले, तरी पुष्कळदा त्यांच्यामागे कामाला असलेले मोजके हात आणि मिळेल तेवढेच इंधन असते.

एका बाबतीत मात्र भीड धरू नये. मेनूकार्ड नसल्यामुळे पदार्थात काय पडले आहे ते वाचायला मिळत नाही. तेव्हा ज्यांना शेंगदाणे, दूध किंवा अन्य कशाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी बसण्याआधीच स्पष्ट विचारावे. सगळे एकाच कढईत, एकाच झाऱ्याने होत असेल तर पदार्थ वेगळा असूनही धोका उरतो, आणि उत्तर मोघम आले तर त्या व्यक्तीने तिथे जेवू नये.