पाकिटावर प्रोटीनचा आकडा आहे, म्हणजे कुत्र्याचं खाणं घातक रसायनांसाठी तपासलेलं असतं का?

नाही. तो आकडा बहुतेकदा नायट्रोजन मोजून, ६.२५ ने गुणून काढतात. नायट्रोजन प्रोटीनमधला की भलत्याच कशातला, हे त्या चाचणीला कळत नाही. २००७ साली अमेरिकेत हेच भोवलं: कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात घालायच्या, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रोटीनमध्ये) मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन मिसळलेलं निघालं. मेलामाइनमध्ये वजनाच्या सुमारे ६६ टक्के नायट्रोजन, म्हणजे कागदावर प्रोटीन झकास! इकडे मेलामाइन आणि त्याच्याच जातीतलं सायन्युरिक आम्ल यांचे स्फटिक मूत्रपिंडात साचून कुत्री-मांजरं दगावली. असली भेसळ मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या चाचणीत) सापडते, पण सहसा काय शोधायचं ते आधी ठरवावं लागतं. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, तर आणखी चकवतं. मक्यातली बुरशी सगळीकडे सारखी नसते. एक मूठ स्वच्छ, शेजारची विषारी. म्हणून कंपनीला नुसतं ‘टेस्ट करता का’ विचारू नका. प्रत्येक बॅचची करता का, नमुने किती जागांहून घेता, ते विचारा.