दोन एमपीएलएस लिंक असूनही शाखांचा ट्रॅफिक जुन्याच लिंकने का येतो?

तुम्ही म्हणताय, हेड ऑफिसला एकाच प्रोव्हायडरच्या दोन एमपीएलएस लिंक (प्रोव्हायडरच्या नेटवर्कमधून शाखा जोडणाऱ्या खासगी लाइनी) आहेत, बीजीपीत, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, नवीवर लोकल प्रेफरन्स (बाहेर जायला कोणती वाट आधी; मोठा आकडा जिंकतो) 200 केला, जुनीवर तीनदा प्रीपेंड केलं (वाट लांब दिसावी म्हणून आपला एएस नंबर, म्हणजे नेटवर्कचा ओळख क्रमांक, पुन्हा पुन्हा जोडला), तरी शाखांचा ट्रॅफिक जुनीवरच आदळतो. वाचलं आणि जुनी खपली निघाली.

आमचं ऑफिस तेव्हा लोअर परळला. जुनी लिंक 10 एमबीपीएसची, नवी 50 ची. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या शाखा. नवी लिंक चालू झाली त्या संध्याकाळी सगळ्या शाखा जुनीवरच लोंबकळत होत्या आणि सर माझ्या खुर्चीमागे उभे. "लोकल प्रेफरन्स वाढव." म्हटलं, सर, तो आपल्या एएसच्या बाहेर जात नाही. "मग 500 कर."

केला. काय होणार होतं? घरून निघताना कुठली गाडी पकडायची ते मी ठरवतो. माझ्याकडे येणारा पाहुणा भांडुपला उतरेल की मुलुंडला, ते त्याच्या हातात. सर्टिफिकेशनवाल्यांना बीजीपीचा वाट निवडायचा क्रम तोंडपाठ असतो, पण तो क्रम कोणत्या राउटरवर बसून लावायचा हे दहातल्या आठांना सांगता येत नाही.

तुमचा सीई (तुमच्या टोकाचा) राउटर ईबीजीपीने, म्हणजे दोन वेगळ्या एएसमधल्या बीजीपीने, रूट पीईला (प्रोव्हायडरच्या टोकाच्या राउटरला) देतो. पीई तो व्हीआरएफमध्ये (तुमच्यासाठीच्या वेगळ्या रूट टेबलमध्ये) घेतो, पुढे 64 बिटांचा आरडी (रूट वेगळा ओळखायची खूण) जोडतो, रूट टार्गेट (रूट कोणत्या टेबलांत घ्यायचा त्याची खूण) आणि व्हीपीएन लेबल लावतो, नेक्स्ट हॉप (पुढचा मुक्काम) म्हणून स्वतःचा लूपबॅक (राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता) टाकतो आणि रूट रिफ्लेक्टरमार्फत (रूट सगळ्यांना वाटणाऱ्या राउटरमार्फत) बाकीच्या पीईंना कळवतो. मधले पी (प्रोव्हायडरचे आतले) राउटर तुमचे रूट ओळखतही नाहीत, वरचं लेबल बघून पुढे ढकलतात. म्हणजे शाखेचा ट्रॅफिक कुठून यायचा हे प्रोव्हायडरचे पीई ठरवतात, त्यांच्या लोकल प्रेफरन्सने. आणि एएस पाथची लांबी त्याच्यानंतर बघितली जाते. प्रीपेंड तिथेच मेलं.

हे मला त्या रात्री अर्धंच माहीत होतं. तीनाचं प्रीपेंड पाच केलं, पाचाचं आठ. ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मधले हॉप दिसेनात, कारण प्रोव्हायडरने टीटीएल (पॅकेटचे हॉप मोजणारा आकडा) लपवलेला. एनओसीचं (प्रोव्हायडरच्या देखरेख केंद्राचं) पालुपद एकच, "आमच्याकडून सगळं ओके आहे." करी रोडची शेवटची लोकल गेली. रात्री दीडला एनओसीवर दुसरा मुलगा आला. त्याला विचारलं, कोल्हापूरच्या पीईवर आमच्या प्रीफिक्सचे (पत्त्यांच्या गटाचे) पाथ किती दिसतात? "एक." नव्या लिंकच्या पीईवर? "दोन. बेस्ट जुन्या पीईकडचा." लोकल प्रेफरन्स? पलीकडे बराच वेळ फक्त कीबोर्डची टकटक.

जुनी लिंक प्रायमरी होती तेव्हा त्यांनी तिच्या पीईवर 200 टाकून ठेवलेला. नवीवर नेहमीचा 100. नव्या पीईला आयबीजीपीने (एकाच एएसमधल्या बीजीपीने) 200 वाला रूट मिळाला, तो समोरच्या आमच्या सीईच्या रूटपेक्षा सरस ठरला, मग त्याने आमचा रूट पुढे जाहीरच केला नाही. बीजीपी फक्त बेस्ट पाथ पुढे सांगतो. कोल्हापूरच्या पीईला 50 ची लिंक आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी त्यांचा लोकल प्रेफरन्स बदलला, दोन मिनिटांत दुरुस्त झालं. पहिली लोकल सुटेपर्यंत मी कॉन्फरन्स रूममध्ये खुर्च्या जोडून झोपलो.

तेव्हा प्रोव्हायडरला हेच तीन प्रश्न विचारा. लोकल प्रेफरन्स आपल्याला बदलता यावा म्हणून त्यांच्याकडे कम्युनिटी (रूटवर आपण लावायची ठरलेली खूण) असेल तर ती मागून घ्या, प्रीपेंडपेक्षा शंभरपट बरी. दोन्ही लिंक एकदम वापरायच्या असतील तर दोन्ही पीईंवर आरडी वेगळे हवेत, नाहीतर रूट रिफ्लेक्टर दोनातला एकच पुढे पाठवतो. शाखेच्या पीईवर मल्टिपाथही (दोन वाटा एकदम वापरायची सोय) लागेल. हां, हे सगळं लेयर 3 व्हीपीएन (ज्यात रूट प्रोव्हायडर सांभाळतो) आणि पीईशी बीजीपी असेल तर. लेयर 2 घेतलं असेल तर प्रोव्हायडरला तुमचे रूट दिसतच नाहीत, मग घोळ तुमच्याच घरात शोधा.

आणि टिकीट बंद करताना कोणाच्या राउटरवर काय बदललं ते लिहून घ्याच. आमच्या सरांनी सकाळी डायरेक्टरला मेल टाकला होता: "लोकल प्रेफरन्स बदलल्यावर प्रश्न सुटला." एकही शब्द खोटा नव्हता.