नावापुरतं केलेलं खरेदीखत उलटलं तर काय करावं?

तुमचा प्रश्न असा: वडिलांनी कर्जाची जप्ती येईल या भीतीने दोन एकर जमीन काकांच्या नावे खरेदीखताने करून दिली. पैसे घेतले नाहीत, जमीन आजही तुम्हीच कसता. आता काका सातबारा दाखवून जमीन आपली म्हणतात.

सातबाऱ्याची धास्ती सोडा. फेरफाराने मालकी ठरत नाही. खरी अडचण नोंदणीकृत खताची आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 नुसार विक्रीला किंमत लागते, दिलेली किंवा कबूल केलेली. दोन्ही नसेल तर विक्रीच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हेच सांगितलं, आणि तिथेही खतं घरातल्या घरातच झाली होती.

पण तुमच्या खतात बहुतेक "रक्कम रोख भरून पावली, तक्रार नाही" असं वाक्य असेल. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, असं काकांचे वकील म्हणतील. त्याला उत्तर आहे गंगाबाई विरुद्ध छबूबाई हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. खताच्या अटी बदलायला तोंडी पुरावा चालत नाही. खत अमलात आणायचंच नव्हतं हे दाखवायला चालतो.

तरी नुसत्या साक्षीवर विसंबू नका. कोर्ट बघतं ते असं: मूळ खत कोणाच्या पेटीत आहे, त्या तारखेला काकांकडे एवढी रक्कम होती का, बाजारभाव आणि खतातली किंमत यांत केवढी तफावत आहे, आणि खतानंतर जमीन कोणी कसली. खताच्या तारखेपासून आजपर्यंतच्या शेतसाऱ्याच्या पावत्या, पंपाची वीजबिलं, पीक विमा, कारखान्यातली उसाची नोंद सालवार लावा. रक्कम चेकने दाखवली असेल तर वडिलांच्या पासबुकातला पुढचा महिना वाचा. तीच रक्कम परत काकांकडे गेलेली असेल तर याहून बोलका कागद नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे जप्तीची भीती. सावकाराला किंवा सोसायटीला प्रत्यक्ष बुडवलं असेल तर कोर्ट मदत नाकारू शकतं. कर्ज पुढे फेडलं असेल तर बेबाकी दाखला आजच काढून ठेवा. कारण मात्र खरं तेच सांगा, उलटतपासणीत ते निघतंच.

मुदतीत हयगय नको. खत रद्द करण्याच्या मागणीला तीन वर्षं असतात आणि काका हाच मुद्दा आधी काढतील. खत मुळातच शून्य आहे, ताबा आपलाच आहे आणि आपला हक्क काकांनी अमुक तारखेला पहिल्यांदा नाकारला, हे दाव्यात स्पष्ट लिहा. वडील हयात असतील तर वादी तेच हवेत. नसतील तर बहिणींसह सगळे वारस पक्षकार करा. दाव्यात मागणी हक्क जाहीर करणारा ठराव, मनाई हुकूम आणि तात्पुरती मनाई, तिन्हींची करा. दावा दाखल होताच लिस पेन्डन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नाहीतर काकांनी मधेच तिऱ्हाइताला विकली तर तो आपण प्रामाणिक खरेदीदार असल्याचं म्हणू शकतो आणि प्रकरण दुप्पट अवघड होतं.

काका समजुतीने परत द्यायला तयार झाले तर नुसत्या रद्दलेखावर भागवू नका, फेरखरेदीखत नोंदवा. बक्षीसपत्राने स्वस्तात होईल असं वाटेल, पण 200 रुपये मुद्रांकाच्या बक्षीसपत्राची सवलत पती, पत्नी, मुलं, नातवंडं आणि मयत मुलाची पत्नी यांनाच आहे. भावाला किंवा पुतण्याला ती मिळत नाही.